पिवळी ओळ

गच्चीवरच्या शेडमध्ये मांजर यायला लागली, तेव्हाच खरं तर कुणीतरी विचारायला हवं होतं. चवळीच्या कुंड्यांत मांजरीचं काय काम? पण घाटकोपरच्या त्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजीचे एवढे शिकलेसवरलेले लोक असून एकाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही. वॉचमन मार्तंड काठी घेऊन चार जिने चढायचा, मांजरीला हाकलायचा आणि उतरताना बंद पडलेल्या लिफ्टला शिव्या घालायचा. मांजर का येते हे साऱ्या इमारतीत एकाच बाईला ठाऊक होतं, आणि ती बाई गप्प होती.

आता ही बाई एरवी गप्प बसणारी नव्हती हो! प्रेमा घाडी, लॅब अटेंडंट. साठीला दोन महिने कमी, येत्या एकतीस मार्चला रिटायर व्हायची. वडील काशीराम मालवणाकडून येऊन गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर बिऱ्हाड विक्रोळीच्या चाळीत आलं, आणि प्रेमा पंचविसाव्या वर्षी ‘चार महिने बाटल्या धुवायला माणूस हवंय’ म्हणून या कॉलेजात आली ती पस्तीस वर्षं तिथेच राहिली. काचेची भांडी धुवायची, कुकर लावायचा (ऑटोक्लेव्हला ती कुकरच म्हणायची, आणि तिच्यामुळे प्रोफेसरही म्हणायला लागले होते), संध्याकाळी सगळ्या खोल्यांना कुलपं घालून चाव्यांचा जुडगा कमरेला खोचून निघायचं. कॉलेजच्या कागदपत्रांत तिचं नाव दोनच ठिकाणी सापडलं असतं. एक हजेरीपटात, दुसरं फुटक्या काचसामानाच्या रजिस्टरात.

पण खोड एक. ज्याच्या-त्याच्या टेबलाशी जाऊन विचारायचं, ‘ह्या काय गो?’ बहुतेक पोरं ‘मावशी, तुम्हाला नाही कळणार’ म्हणून वाटेला लावायची. मग प्रेमा म्हणायची, “तुका तरी खंय कळलाहा?” आणि भांडी उचलून चालती व्हायची.

स्वरदा मात्र सांगायची. स्वरदा मुलुंडची, आईवडील दोघंही बँकेत, घर पक्कं शाकाहारी, आणि पीएच. डी.चं चौथं वर्ष. म्हणजे तोंडावर हसू कमी आणि डोळ्यांखाली काळं जास्त. डब्यातली अर्धी पोळी ती प्रेमाला द्यायची, प्रेमा तिला नाचणीची आंबोळी द्यायची, आणि मधल्या सुट्टीत दोघींचं चालायचं.

“हवेत नायट्रोजन भरपूर आहे मावशी, पण झाडाला तो तसाच्या तसा घेता येत नाही. हे बॅक्टेरिया चवळीच्या मुळात शिरतात, तिथे गाठ येते. त्या गाठीत बसून ते हवेतल्या नायट्रोजनचं खत करतात आणि झाडाला देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं.”

“भाडं झालं म्हण की. मग ते सारखंच करत बसतात?”

“तीच तर गंमत. हे काम फार जड, प्रचंड ताकद लागते. म्हणून ज्या जीन्सवर ते यंत्र चालतं ते एरवी बंदच असतात. तुझ्या चाळीत टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो ना, तसं.”

“होतो कसला! फ्लोट बिघडलाय. सेक्रेटरी झोपला की चार जिन्यांवरून पाणी.”

स्वरदा खळखळून हसली. तशी ती महिन्यात एकदाच हसायची. “बरं, तुझ्या चाळीतला बंद होत नाही. यांचा मी चालूच होऊ देत नाही. एक जीन असतो, स्विचसारखा. बॅक्टेरिया गाठीत शिरला, आजूबाजूचा ऑक्सिजन कमी झाला, की तो स्विच दाबला जातो आणि सगळं यंत्र सुरू. मी तो स्विचच काढून टाकलाय. यंत्र आहे, वायर आहे, स्विच नाही.”

प्रेमाने बीकर पुसता पुसता विचार केला. “पण गाठीतला ऑक्सिजन कमी कोण करतो?”

असला प्रश्न एमएस्सीच्या पोरांनी कधी विचारला नव्हता. स्वरदा खुर्चीत सरळ बसली. “झाड. आपल्या रक्तात असतं ना, त्याच जातीचं लाल द्रव्य झाड त्या गाठीत बनवतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं. म्हणून काम करणारी गाठ कापली की आत गुलाबी दिसते. बंद गाठ पांढरी.”

“झाडाक रगत?” प्रेमाच्या हातातला बीकर सिंकवर आपटला आणि त्याचा कान, म्हणजे ओतायची चोच, तुटला. तेही रजिस्टरात गेलं. बीकर मात्र तिने टाकला नाही, पाणी घालायला ठेवला.

तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवर दोन ओळी लागल्या. बारा कुंड्या धडधाकट बॅक्टेरियाच्या, बारा स्विच काढलेल्याच्या. वाळू प्रेमानेच सात पाण्यांनी धुतली, कुकरमध्ये शिजवली. वाळूत खताचा कण नाही, म्हणजे झाडाला जे मिळेल ते बॅक्टेरियाकडूनच. पाणी घालायचं काम प्रेमाचं. तीन आठवड्यांत पुढची ओळ हिरवीगार झाली आणि मागची पिवळी पडली. स्वरदाला हेच हवं होतं. तिने फोटो काढले, पानं मोजली आणि आनंदाने घरी गेली.

प्रेमा मात्र रोज त्या मागच्या ओळीसमोर उभी राहायची. गिरण्यांचा संप झाला तेव्हा ती शाळेत होती. त्या वर्षी धाकट्या भावाचे गाल असेच झाले होते, पिवळट, ओढलेले. हे झाड उपाशी आहे आणि आपण त्याला नुसतं पाणी पाजतोय, हे तिला सहन होईना. प्रयोग आहे हे कळत होतं. पण रोज सकाळी नऊ वाजता त्या बारा रोपांच्या समोर कळून काय उपयोग?

आणि कोकणातल्या बाईला मरतुकड्या झाडाचं औषध काय ते सांगावं लागत नाही. मासळी धुतलेलं पाणी. कढीपत्ता वाढेना, मिरचीला फूल धरेना, घाल मासळीचं पाणी. प्रेमाच्या आईने घातलं, आजीने घातलं. शकु कोळीण बुधवार-शुक्रवारी सकाळी सातला चाळीत टोपली घेऊन यायची. त्या बुधवारी प्रेमाने मांदेली धुतली, पाणी फडक्यातून गाळून दोन लिटरच्या बाटलीत भरलं आणि पिशवीत घालून कॉलेजात नेलं. कान तुटलेल्या बीकरने मागच्या बारा कुंड्यांना एकेक घोट. शुक्रवारी पुन्हा. पुढच्या बुधवारी तिसऱ्यांदा. त्या दिवशी स्वरदा वर आली आणि नाक मुरडून म्हणाली, “शी! कसला वास येतोय गं, मावशी?”

“खालच्या गटाराचा,” प्रेमा म्हणाली. तोंडातून कसं निघून गेलं तिचं तिलाच कळलं नाही.

आठवड्याभरात मागची ओळ हिरवी झाली. प्रेमा मनातून खूश. झाडं जगली, संपला विषय, असं तिला वाटलं. आणि तिथेच गडबड झाली.

एका सकाळी स्वरदा गच्चीवरून धावत खाली आली ती थेट गाईड पद्मजा मॅडमच्या केबिनमध्ये. काच धुता धुता प्रेमाला सगळं ऐकू येत होतं. “मॅडम, म्युटंट हिरवा झालाय! बाराच्या बारा! स्विच नसतानाही यंत्र सुरू झालंय. दुसरा कुठलातरी रस्ता आहे, कुणालाच माहीत नसलेला!” मॅडम जपून बोलणाऱ्या. गाठींतलं काम मोजायचं मशीन दुसऱ्या संस्थेत होतं आणि ते महिनाभर बंद होतं, आणि तोवर एकही रोप उपटून गाठ कापायची नाही असं ठरलेलं होतं. तरी त्यांचाही आवाज चढला होता. मार्चच्या पहिल्या सोमवारी मोठ्या परिषदेसाठी निबंध पाठवायचा, असं ठरलं. बाहेर आल्यावर स्वरदाने प्रेमाला मिठी मारली. “मावशी, चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सापडलं गं!”

प्रेमाचे हात साबणाचे होते. ते तिने तसेच वर धरून ठेवले.

हे मी केलं का? दिवसभर तेच डोक्यात. बसमध्ये तेच, चुलीपाशी तेच. असंही असू शकतं ना, की मासळीच्या पाण्याने काहीच होत नाही आणि ते बॅक्टेरियाच हुशार निघाले? आई-आजी घालायच्या, पण आई-आजी काय नुसत्याच घालायच्या, न घालता काय होतं ते कुणी बघितलं होतं? पस्तीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला एवढं नक्की कळत होतं की बघितल्याशिवाय बोलायचं नाही. आणि खरं सांगायचं तर ती घाबरली होती. आपण सुटावं म्हणूनच तिला बघायचं होतं.

श्रीखंडाचे चार रिकामे डबे तिने काढले. गावाहून अबोलीसाठी आणलेली लाल माती त्यात भरली, वाण्याकडची चवळी पेरली. या मातीत बॅक्टेरिया आपसूक असतात हे स्वरदानेच सांगितलं होतं. दोन डब्यांना नुसतं पाणी, दोन डब्यांना बुधवार-शुक्रवारी मासळीचं. डब्यांवर नेलपॉलिशने खुणा. मुलगा नितेश म्हणाला, “आई, रिटायर होतेयस की पीएच. डी. करतेयस?” शकुला समजेना की पूर्वी मासळीची घासाघीस करणारी ही बाई आता ‘मासळी धुवू नको, तशीच दे’ असं का म्हणते. चाळीतल्या मांजरी मात्र एकदम प्रेमाच्या बाजूच्या झाल्या.

रोज ती डब्यांशी पुटपुटायची, “सारखेच वाढा रे बाबांनो, माझी लाज राखा.” आणि चारही डबे खरोखर सारखेच हिरवे वाढले! पंचवीस दिवस तिने धीर धरला. शेवटच्या शनिवारी पहाटे गॅलरीत परात घेतली, रोपं उपटली, मुळं अलगद धुतली.

नुसत्या पाण्याच्या रोपांची मुळं गाठींनी लगडली होती. नखाने एक फोडली. गुलाबी! खरंच गुलाबी, ताज्या बांगड्याच्या कल्ल्यासारखी. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे प्रयोग धुऊन काढले, आज स्वतःचा बघतेय, या आनंदात ती क्षणभर सगळं विसरली. मग तिने मासळीच्या पाण्याची रोपं धुतली. गुळगुळीत मुळं. शोधून शोधून दोन बारीक गाठी.

प्रेमा परातीपाशी बसून राहिली. आयतं मिळालं तर झाडाने बॅक्टेरियाला घरात घेतलंच नव्हतं. म्हणजे मासळीच्या पाण्यात तेच होतं, जे ते गाठीत बसून बनवतात. म्हणजे गच्चीवरची बारा झाडं कुठल्या नव्या रस्त्याने जगली नव्हती. ती प्रेमाने जगवली होती. आणि सोमवारी स्वरदा जगाला सांगणार होती की ती बॅक्टेरियाने जगवली.

गप्प बसायला काय लागत होतं? महिन्याभरात शाल-श्रीफळ घेऊन घरी. कुणाला कधी पत्ता लागला नसता. पण उद्या दुसऱ्या कुठल्या लॅबमधली अशीच एक पोर त्या नसलेल्या रस्त्याच्या मागे चार वर्षं घालवेल, आणि खोटी कोण पडेल, तर स्वरदा. प्रेमाने रोपं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि रिक्षा केली.

मॅडमच्या केबिनमध्ये दोघी कॉम्प्युटरवर निबंधच बघत होत्या. प्रेमाने टेबलावर फडकं उलगडलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मांदेली, बाटली, बीकर, मांजर. एकही गोष्ट गाळली नाही.

स्वरदा पांढरीफटक पडली होती. “मी विचारलं होतं. तुम्ही गटाराचा वास म्हणालात.”

तुम्ही. चार वर्षांत पहिल्यांदा. प्रेमाला रडू फुटलं.

“प्रेमाबाई, बसा,” पद्मजा मॅडम म्हणाल्या. गुळगुळीत मुळं त्या बराच वेळ उलटसुलट करून बघत होत्या. “तारखा आठवतात?”

“आठवतात. बुधवार, शुक्रवार, बुधवार.”

“किती घातलं?”

“त्या कान तुटलेल्या बीकरने, वरच्या रेघेपर्यंत.”

मॅडमनी स्वरदाची प्रयोगाची वही ओढून प्रेमापुढे ठेवली, वर पेन ठेवलं. या वह्यांवरची धूळ प्रेमाने हजारदा पुसली होती, उघडली एकदाही नव्हती. “लिहा. तुमच्या हाताने. आणि खाली सही.” मग त्या स्वरदाकडे वळल्या. “आणि तू. बॅक्टेरियाच न घातलेली तिसरी ओळ का लावली नाहीस? कुंड्या कमी पडल्या म्हणून? ती ओळही पिवळी पडली असती, यांनी तिलाही पाजलं असतं, तीही हिरवी झाली असती, आणि आठवड्यात आपल्या लक्षात आलं असतं. निबंध जाणार नाही. पुन्हा लाव.”

प्रेमाने लिहिलं, ‘मागच्या ओळीला मी मासळी धुतलेलं पाणी तीन वेळा घातलं. कुणी सांगितलं नव्हतं.’

मार्चमध्ये पुन्हा कुंड्या लागल्या. वाळू प्रेमानेच धुतली, शिजवली, पण पाणी स्वरदा घालायला लागली. शेडला नवं कुलूप आलं आणि त्याची चावी प्रेमाच्या जुडग्यात आली नाही. पस्तीस वर्षांत कॉलेजातलं एकही कुलूप तिला परकं नव्हतं. ती भांडी धुवायची, स्वरदा समोरून जाताना “प्रेमाबाई, फ्लास्क झाले का?” एवढंच विचारायची. डबा दोघी वेगवेगळा खायच्या. एकतीस तारखेला शाल झाली, श्रीफळ झालं, मार्तंडने कधी नव्हे ते भाषण केलं आणि मांजरीचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं. स्वरदा मागच्या रांगेत होती. प्रेमा बोलायला उभी राहिली तेव्हा तिची जागा रिकामी होती.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी फोन वाजला.

“उद्या रोपं काढतेय. येशील?”

येशील म्हणाली की याल, हे प्रेमाने मनात दहादा पुन्हा ऐकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मार्तंडने तिला गेटवर व्हिजिटर रजिस्टर पुढे केलं आणि दोघंही ओशाळले. कामाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘बघायला.’ चार जिने चढून ती वर आली तर शेडचं दार सताड उघडं होतं आणि दारात मांजर बसली होती.

चार ओळी होत्या. पहिली हिरवी. दुसरी, स्विच काढलेल्यांची, पिवळी. तिसरी, बॅक्टेरियाच नसलेली, पिवळी. चौथी पुन्हा स्विच काढलेल्यांची, आणि हिरवीगार. प्रेमाने वाकून चौथ्या ओळीची वाळू हुंगली.

“स्वरदा! ह्या काय?”

“मुलुंडच्या मच्छी मार्केटमध्ये गेले होते,” स्वरदा म्हणाली. “तीनदा. बुधवार, शुक्रवार, बुधवार. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून. कोळीण म्हणाली, मासे नको, नुसतं पाणी? मग सगळा बाजार हसला.” कट्ट्यावर कान तुटलेला बीकर धुऊन उपडा ठेवला होता. “आईला अजून सांगितलेलं नाही.”

तिने दुसऱ्या ओळीतलं एक रोप उपटून धुतलं आणि ब्लेड प्रेमाच्या हातात दिलं. प्रेमाने गाठ चिरली. पांढरी. दुसरी चिरली, तीही पांढरी. पहिल्या ओळीतली चिरली, गुलाबी. चौथ्या ओळीतल्या थोड्याथोडक्या गाठी चिरल्या, त्या पांढऱ्या. स्विच नाही तर काम नाही, झाड हिरवं असो की पिवळं. नवा रस्ता वगैरे काही नव्हता. स्वरदा पहिल्यापासून जे म्हणत होती, तेच खरं होतं, आणि आता ते कुणालाही दाखवता येणार होतं.

“लिही,” स्वरदाने वही पुढे केली. “रंग तू बघितलेस, तूच लिही.”

प्रेमाने चष्मा लावून एकेक ओळ लिहिली. मग सगळी रोपं उपटून, मुळं धुऊन, कागदी पिशव्यांत भरून झाली. वाळवून वजन करायचं होतं. प्रेमा रिकाम्या कुंड्या उचलायला लागली, सवयीने, तेव्हा कोपऱ्यात तिला एक कुंडी दिसली. तिच्यात रोप तसंच होतं. पिवळं, मान टाकलेलं.

“ही राहिली गो एक.”

“राहिली नाही, ठेवलीय. दुसऱ्या ओळीत मुद्दाम एक जास्त लावली होती. मोजणीत नाही ती.” स्वरदाने कट्ट्याखालून दोन लिटरची बाटली काढली. आतलं पाणी गढूळ होतं. मांजर उठून आत आली. “आज बुधवार आहे. घाल, मावशी.”

प्रेमाने बीकर सुलटा केला आणि वरच्या रेघेपर्यंत भरला.